पाचव्या खाचेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुनी तार आहे. लांबी तुमच्या वितीएवढी, जाडी विणायच्या सुईएवढी. कमरेत एक बाक आणि टोकाला आठ खाचा. रस्त्यात पडलेली दिसले असते, तर तुम्ही मला ओलांडून गेला असता. पण एका उन्हाळ्यात, भर दुपारी, चार माणसं श्वास रोखून माझ्याकडे बघत होती, आणि त्यांतल्या एकीचा जीव माझ्या टोकावरच्या ओलीवर अवलंबून होता. ती दुपार सांगायलाच मी बसले आहे. पण आधी माझा जन्म सांगते. ज्याचं मूळ ठाऊक नाही, त्याच्या बोलण्यावर आमच्या शेराबाद गावात कुणी विश्वास ठेवत नाही.

मी मूळची सायकलच्या चाकातली. ती सायकल होती एका पाटकऱ्याची. कालव्याच्या कडेकडेनं जाऊन तो कापसाच्या शेतांना पाणी सोडायचा. चाकात आम्ही छत्तीस बहिणी होतो. पंधरा वर्षं मी फिरले, पण कुठे चालले आहे ते मला कधी कळलं नाही. चाकातल्या तारेला वर आणि खाली, एवढंच कळतं. मग एक दिवस सायकल ट्रॅक्टरखाली गेली. पाटकरी वाचला, सायकल वाचली नाही. भंगारात पडून माझ्यावर गंज चढायला लागला, तेव्हा सुयून उस्तांनी मला उचललं.

हातात कसब असलेल्या माणसाला आमच्याकडे उस्ता म्हणतात. सुयून उस्तांनी तेर्मिझ शहरातल्या रेल्वेत वीस वर्षं थंडगार डब्यांची यंत्रं सांभाळली होती. आमचा मोठा देश मोडून त्याचे लहान लहान देश झाले, ते डबे धावायचे थांबले, आणि उस्ता घरी परतले. घराला लागून त्यांनी पत्र्याची एक शेड टाकली. तेव्हा नुकत्याच परदेशातून जुन्या गाड्या येऊ लागल्या होत्या, आणि त्यांतल्या काहींत एसी असायचा. शेराबादेत उन्हाळ्यात विहिरीवरची साखळी हातात धरवत नाही. अशा गावात गाडीतली थंड हवा म्हणजे चैन नव्हे. पण ती बिघडली तर दुरुस्त कोण करणार? सगळ्या जिल्ह्यात एकटे सुयून उस्ता.

त्यांनी मला घासून लखलखीत केलं, तापवून कमरेत बाक दिला, आणि बारीक कानशीनं एकेक करून आठ खाचा पाडल्या. दोन खाचांमध्ये गव्हाच्या दाण्याएवढं अंतर. उतारवयात मला ही आठ अक्षरं मिळाली. उशिरा शिकलेलं अक्षर माणूस विसरत नाही म्हणतात. तारही विसरत नाही.

आता माझं काम ऐका. एसीच्या पोटात कॉम्प्रेसर नावाचं एक यंत्र असतं. ते गॅस दाबून पुढे ढकलतं, म्हणून गाडीत थंडावा येतो. त्या यंत्राचे दांडे सतत घासतात, म्हणून त्याला आत थोडं तेल लागतं. ते तेल गॅसबरोबर नळ्यांतून हिंडतं आणि परत येतं. गॅस कुठून गळला तर तेलही त्याच्याबरोबर पळतं. तेल कमी झालं की यंत्र तापतं, कण्हतं, आणि एक दिवस जागीच आवळून बसतं. बाहेरून मात्र काही दिसत नाही. ते बघायला मी.

उस्ता आधी दहा मिनिटं गाडी सुरू ठेवायचे, म्हणजे हिंडायला गेलेलं तेल घरी येतं. मग यंत्राच्या दोन्ही बाजूंच्या झडपा बंद करायचे. आत अडकलेला गॅस हळूहळू मोकळा करायचे, डोक्यावरचं बूच काढायचे, चाक हातानं थोडं फिरवून माझ्यासाठी वाट करायचे, आणि मला त्या भोकातून आत सोडायचे. माझा बाक काठाला टेकला की थांबायचं. बाहेर काढून मोजायचं, किती खाचा भिजल्या. चार ते सहा असल्या तर ठीक. पाच म्हणजे उत्तम. त्याहून जास्त झालं तर तेल नळ्यांत तुंबतं, हवा थंड होत नाही, आणि यंत्र आतून ठोकत ठोकत फुटतं.

एकदा एका डॉक्टरांच्या जीपमध्ये मी उतरले आणि फक्त पहिली खाच ओली घेऊन वर आले. उस्तांचा चेहरा पडला. त्यांनी तेलाची लहान सीलबंद डबी फोडली, चमचाभर ओतलं, मला बुडवलं. पुन्हा चमचाभर, पुन्हा मी. असं पाच वेळा. डबी उघडी राहू द्यायची नाही, कारण ते तेल हवेतली ओल पितं. बुचाची रबरी कडी तेलानं पुसून, पीळ न पडू देता बसवायची. डॉक्टर घड्याळाकडे बघून म्हणाले, "उस्ता, एकदम ओता की! सुईनं समुद्र मोजताय का?"

उस्ता म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुम्ही रोग्याला औषध बादलीनं पाजता का?"

त्यांचा एक नियम होता. आमच्याकडे पाहुण्याला चहा देताना पियाला कधी भरत नाहीत. तळाशी दोन घोट ओततात, संपला की पुन्हा दोन घोट. जितकं कमी ओताल, तितका मान मोठा. कारण मग पुन्हा पुन्हा उठून त्याच्यासाठी ओतावं लागतं. आणि पियाला काठोकाठ भरलात, तर त्याचा अर्थ एकच. पी आणि ऊठ. उस्ता म्हणायचे, "कॉम्प्रेसर हा पाहुणा आहे. काठोकाठ भरलात तर तोही उठून जाईल."

हे वाक्य सगळ्यात जास्त वेळा ऐकलं असेल ते तुर्दीमुरातनं. हा गडी ढेरपोट्या, मोठ्या आवाजाचा आणि त्याहून मोठ्या मनाचा. त्याची एक पांढरी मिनीबस होती. पण त्याचं खरं नाव झालं ते लग्नातल्या पलावामुळे, म्हणजे मटण घातलेल्या भातामुळे. तीनशे माणसांची कढई तो एकटा उतरवायचा, आणि तेल ओतताना कधी हात आखडायचा नाही. उस्तांना मला आत सोडताना बघून तो शेडच्या दारात उभा राहून हसायचा.

"उस्ता, तुमच्या हाताला कंजूषपणा चिकटलाय. तेलानं कधी पलाव बिघडलाय का?"

"पलाव नाही, पोट बिघडतं. आरशात बघ."

"हे पोट नाही, उस्ता. ही माझी पाटी आहे. हिच्यामुळे लोकांना कळतं आचारी कोण."

मी खिळ्यावर टांगलेली असताना असं रोज ऐकायची. मला गंमत वाटायची. त्या बोलण्यातून पुढे काय उगवणार आहे, ते मला कळलं नाही.

आता ओयखोलबद्दल सांगायला हवं. ती आमच्याच मोहल्ल्यातली, नऊ वर्षांची. केस विरळ, समोरचे दोन दात टोकदार, आणि जीभ त्याहून टोकदार. दिसेल ते मोजत बसायची तिला सवय. तिला घाम येत नसे. जन्मापासूनच. तुम्ही म्हणाल, बरंय की! नाही मित्रांनो. घाम हे अंगाचं पाणी शिंपणं आहे. ज्याला घाम नाही, त्याचं अंग उन्हात तव्यासारखं तापत जातं आणि थांबत नाही. तिची आई बिबीसारा दवाखान्यात परिचारिका होती. ती मुलीला ओल्या ओढणीत गुंडाळून ठेवायची, घरात पाण्याचा कूलर चालवायची, आणि गळ्यात दोरीनं ताप मोजायची पाऱ्याची नळी अडकवून हिंडायची. पारा सदतीसवर असला तर ठीक, चाळीसला गेला तर जीव धोक्यात. ओयखोल म्हणायची, "इतर आया गळ्यात मणी घालतात, माझी आई माझा ताप घालते."

पण आमच्याकडे उन्हाळ्यात चाळीस दिवस असे येतात, की कूलरही हात टेकतो. त्या दिवसांना चिल्ला म्हणतात. म्हणून दर वर्षी चिल्ला लागायच्या आदल्या पहाटे तुर्दीमुरात आपल्या मिनीबसमधून ओयखोलला डोंगरात, बायसूनला तिच्या मामाकडे सोडायचा. त्याआधी उस्ता मला घेऊन मिनीबसच्या कॉम्प्रेसरमध्ये बघायचे. दर वर्षी. न चुकता.

त्या वर्षी चुकलं. उस्तांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. ते शस्त्रक्रियेला तेर्मिझला गेले आणि तिथेच बारा दिवस अडकले. जाताना कोंबड्यांना दाणे घालायला म्हणून शेडची किल्ली तुर्दीमुरातकडे दिली होती. एके सकाळी तो मिनीबस घेऊन शेडमध्ये आला. वीस वेळा बघितलेलं काम, म्हणून त्यानं झडपा बरोबर लावल्या, बूच बरोबर काढलं. मग फळीवरून तेलाची डबी घेतली.

मी समोरच खिळ्यावर होते. हात लांब केला असता तर पोचला असता.

त्यानं माझ्याकडे बघितलं. खरंच बघितलं. मग म्हणाला, "तू राहू दे. तू तुझ्या मालकासारखी. थेंब थेंब करत बसशील. आमची पोरगी जायची आहे या गाडीतून."

आणि त्यानं डबी उपडी केली. सगळी. मग दुसरी फोडली आणि तीही अर्धी. ओतताना तो पुटपुटत होता, "पी बाबा, पोटभर पी. रस्त्यात रुसू नकोस." आत तेल पुरेसं होतं, मित्रांनो. मागच्या वर्षी उस्तांनी पाचव्या खाचेपर्यंत आणून ठेवलं होतं. मला ते माहीत होतं. पण ज्याच्याजवळ खरं असतं, त्याला नेहमी तोंड असतंच असं नाही. त्यानं जे केलं ते मायेपोटी केलं, आणि मायेपोटी केलेली चूक बघत बसण्याइतकं वाईट काही नसतं.

चिल्ला लागून दोन दिवस झाले, तेव्हा उस्ता परतले. त्यांनी गाडी बघितल्याशिवाय निघायचं नाही, असं बिबीसारानं ठरवल्यामुळे ओयखोल अजून गावातच होती. डाव्या डोळ्यावर पांढरी पट्टी, आणि उजवा डोळा आधीपासूनच अधू. आल्या आल्या विचारलं, "मिनीबस?"

"मी बघितली," तुर्दीमुरात म्हणाला. "सगळं ठीक आहे. उद्या पहाटे निघू."

"संध्याकाळी मी स्वतः बघतो," उस्ता म्हणाले. त्यांनी मला खिळ्यावरून काढून आपल्या उंच बुटात खोवलं. ती त्यांची सवय होती.

संध्याकाळ आलीच नाही. म्हणजे आली, पण आमच्यासाठी त्याआधी दुपार आली. दक्षिणेकडून गरम वारा सुटला. त्या वाऱ्यात आकाश पिवळं पडतं आणि चिमण्या झाडांच्या बुंध्याशी चोची उघड्या टाकून बसतात. अकराच्या सुमाराला मोहल्ल्याच्या ट्रान्सफॉर्मरमधून धूर निघाला, मोठा आवाज झाला, आणि सगळ्या घरांतले कूलर एकदम गप्प झाले.

ती शांतता मी कधी विसरणार नाही.

अर्ध्या तासात बिबीसारा धावत आली. डोक्यावरचा रुमाल सुटलेला. "उस्ता, ताप अडतीस झाला. ओली चादर पाच मिनिटांत वाळते. वीज कधी येईल कुणाला माहीत नाही."

उस्ता उठले. "तुर्दी, गाडी काढ."

"आत्ता? या उन्हात?"

"घरात बसवून भाजायची आहे का पोर?"

तुर्दीमुरात गाडी काढायला निघाला.

मिनीबस सुरू झाली. मागच्या सीटवर ओल्या चादरीत ओयखोल, शेजारी आई, पुढे उस्ता, आणि पायाशी पाण्याच्या दोन बादल्या. एसीतून थंड हवा आली आणि सगळ्यांनी श्वास सोडला. ओयखोल म्हणाली, "तुर्दी अमाकी, यंदा पलाव नाही आणला?" अमाकी म्हणजे काका. उस्तांना ती उस्ताबोबो म्हणायची, बोबो म्हणजे आजोबा.

"बायसूनला पोचू दे. एक अख्खा बोकड कापतो तुझ्यासाठी."

गाव मागे पडलं. दोन्ही बाजूंनी करडं माळरान, वाऱ्यात उडणारी वाळू, आणि पुढे कुठेतरी दूर, धुरकट पट्टीसारखे डोंगर. वीस किलोमीटर ठीक गेले. मग हवा कोमट झाली. तुर्दीमुरातनं बटण पूर्ण फिरवलं. हवा जोरात आली, पण कोमटच. ड्रायव्हरच्या सीटखालून, जिथे कॉम्प्रेसर बसवलेला होता, एक आवाज यायला लागला. ठक. थोड्या वेळानं पुन्हा. ठक, ठक.

उस्तांनी मान तिरपी केली. "हा आवाज कसला?"

"रस्ता खराब आहे," तुर्दीमुरात म्हणाला.

"रस्ता माझ्या ढुंगणाला कळतोय. हा आवाज मी कानानं ऐकतोय."

मागून बिबीसारा म्हणाली, "अडतीस सात." तिच्या आवाजात काही नव्हतं. दवाखान्यात बोलतात तसं, नुसता आकडा.

पुढे रस्त्याकडेला तुतीचं एक मोठं झाड आणि त्याखाली चहाखाना होता. उस्ता म्हणाले, "तिथे थांबव."

"उस्ता, थांबलो तर उशीर होईल. डोंगर लागले की हवा गार. अजून दीड तास, बस."

"दीड तासात हे यंत्र फुटेल. मग या माळावर तू तिला फुंकर घालत बसणार आहेस का? थांबव म्हणतो ना!"

गाडी थांबली. चहाखान्यातही वीज नव्हती. विहिरीचा पंप बंद. मालकानं हात पसरून सांगितलं, "पाणी आहे ते फक्त चहाच्या समोवारात. उकळतंय." म्हणजे आमच्या दोन बादल्यांवरच भागवायचं होतं, आणि त्यांतली एक अर्धी संपली होती. ओयखोलला झाडाखालच्या बैठकीवर निजवलं. तिचा चेहरा लाल झाला होता, ओठ कोरडे. बिबीसारा चादर भिजवायची, वारा ती वाळवायचा. भिजवायची, वाळवायचा.

उस्तांनी ड्रायव्हरची सीट उलटवली. यंत्र इतकं तापलं होतं, की पाना लावताना त्यांची बोटं पोळली. त्यांनी दोन्ही झडपा आवळल्या, आतला गॅस सोडला. बूच काढलं तसा तेलाचा एक फुगा बुडबुडत वर आला. उस्तांनी मला बुटातून काढलं, सदऱ्याच्या टोकानं पुसलं आणि आत सोडलं.

मित्रांनो, मी आयुष्यात शेकडो वेळा त्या अंधारात उतरले आहे. पण त्या दिवशी काठापासूनच तेल लागलं. मी बुडाले.

उस्तांनी मला वर काढून एका डोळ्यासमोर धरलं. दूर नेलं, जवळ आणलं. त्यांच्या अधू डोळ्याला तेलही चकाकताना दिसत होतं आणि धातूही. बोटं तेलकट, त्यामुळे चाचपूनही कळेना. त्यांनी मला तुर्दीमुरातसमोर धरलं. "बघ. किती भिजल्यात?"

तुर्दीमुरातनं बघितलं. त्याला दिसलं. मला माहीत आहे त्याला दिसलं, कारण त्यानं लगेच नजर वळवली. "ऊन डोळ्यावर येतंय, उस्ता. नीट दिसत नाही."

मी आतून ओरडत होते. तारेचं ओरडणं कुणाला ऐकू जातं?

उस्ता वळले आणि बैठकीपाशी गेले. "ओयखोल, पोरी, डोळे उघड. तू सगळं मोजतेस ना? या तारेला किती खाचा ओल्या आहेत सांग."

"एकोणचाळीस एक," बिबीसारा म्हणाली. "तिला त्रास नका देऊ, उस्ता."

पण ओयखोलनं डोळे उघडले. मला तिच्या नाकासमोर धरलं होतं. तिचा श्वास गरम भट्टीसारखा माझ्यावर येत होता. ती ओठांनीच मोजत गेली. "...सहा, सात, आठ. उस्ताबोबो, आठही. आणि वरचा बाकसुद्धा ओला."

"नक्की?"

"मला घाम येत नाही. मोजता येतं."

कुणी हसलं नाही. उस्ता हळूहळू वळले. तुर्दीमुरात तिथेच मातीत खाली बसला होता, इतका मोठा माणूस. "मी ओतलं, उस्ता. तुम्ही नव्हता तेव्हा. दीड डबी. म्हटलं पोर जायची आहे, कमी नको पडायला... मला मारा. चला, मारा मला."

"तुला मारायला वेळ नाही," उस्ता म्हणाले. "चहा ओतताना तुझा हात बरोबर थांबतो रे. तेल ओतताना काय झालं होतं? ऊठ. बिबीसारा, तुझ्या पिशवीत मोठी सिरिंज आहे? आणि सलाईनची नळी?"

होती. बिबीसारानं एका हातानं चादर शिंपडत दुसऱ्या हातानं ती दिली. उस्तांनी नळी भोकातून आत सोडली. तुर्दीमुरात सिरिंज ओढायचा आणि तेल एका पियाल्यात रिकामं करायचा. दर दोन सिरिंजनंतर मी आत जायची आणि ओयखोलसमोर यायची.

"सात."

"एकोणचाळीस तीन."

"सात. नाही, साडेसहा."

"साडे नसतं तारेत. सात म्हण."

"सहा, उस्ताबोबो."

"एकोणचाळीस पाच."

एकीकडे पारा चढत होता, दुसरीकडे तेल उतरत होतं. बिबीसाराच्या हातातली ती काचेची नळी आणि मी, आम्ही दोघी एकाच कामाच्या. दोघी बारीक, दोघी मुक्या. मी मनात म्हटलं, बहिणी, तू थांब, मी उतरते. पण पारा कुणाचं ऐकतो?

पाचव्या खाचेला उस्तांनी हात थांबवला. बूच बसवलं, झडपा सैल करून आतली हवा उडवली, गाडी सुरू केली. हवा थंड झाली. ओयखोलला आत निजवलं. पण पाच-सात मिनिटांनी पुन्हा ठक. पुन्हा कोमट.

तुर्दीमुरातनं स्टिअरिंगवर कपाळ आपटलं. "गेलं. मी मारली तिला."

"तोंड बंद," उस्ता म्हणाले. "जास्तीचं तेल नळ्यांत हिंडायला गेलं होतं. ते आता घरी आलं. पुन्हा काढू."

"वेळ कुठे आहे?"

"म्हणूनच बोलू नकोस."

पुन्हा झडपा, पुन्हा बूच. दुसरी बादलीही तळाला लागली होती. बिबीसारानं चादर पिळून तेच पाणी पुन्हा शिंपडलं. "एकोणचाळीस आठ," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज फाटला. मला ओयखोलसमोर धरलं, पण तिची नजर स्थिर राहीना. माझ्या खाचांवरून ती घसरून जायची.

"पोरी, एकदाच. एकदाच बघ."

"...सात," ती म्हणाली. मग डोळे मिटले.

आता मोजायला कुणी उरलं नव्हतं. तुर्दीमुरात सरकत पुढे आला. त्यानं उस्तांच्या हातातून मला घेतलं, आपल्या टोपीनं उन्हाला आडोसा केला आणि एकेका खाचेवर नख ठेवत मोजलं. "सात आहेत, उस्ता. खरंच सात. आता मी मोजतो. मी खोटं नाही बोलणार."

सिरिंज. मी. "सहा." सिरिंज. मी. "पाच."

उस्ता थांबले. त्यांचा हात बुचावर होता. मला वाटलं, आता बसवतील. त्यांनी डोळा मिटला आणि नुसतं ऐकत असल्यासारखे उभे राहिले. "अजून एक सिरिंज काढ."

"उस्ता, पाच झाल्या की! पाच उत्तम, तुम्हीच म्हणता!"

"नळ्यांत अजून थोडं आहे. ते घरी येईल तेव्हा त्याला जागा हवी. चौथ्या खाचेवर ठेवू. पाहुणा मानाचा आहे."

तुर्दीमुरातनं एक सिरिंज काढली. मी आत गेले, वर आले. त्यानं दोनदा मोजलं. "चार."

बूच. रबरी कडी, पीळ न पडता. झडपा. किल्ली.

हवा आली. पाच मिनिटं गेली. दहा गेली. सीटखालून नुसती घरघर येत होती, मांजर निजल्यासारखी. हवा गार होत गेली, मग थंड, मग इतकी थंड की बिबीसाराच्या ओल्या बाहीखाली अंगावर काटा आला. डोंगरांची पट्टी जाड होत गेली. दरीचा रस्ता लागला. बिबीसारानं पाऱ्याची नळी काढली, बघितली, झटकून पुन्हा लावली. तिसऱ्यांदा बघितल्यावर म्हणाली, "एकोणचाळीस दोन." तिच्या तोंडून तो आकडा प्रार्थनेसारखा आला. पुढे "अडतीस नऊ". त्यापुढे "अडतीस चार". आणि मग ओयखोल डोळे न उघडताच म्हणाली, "आई, आता पुरे. मला थंडी वाजतेय."

तुर्दीमुरात गाडी चालवता चालवता रडत होता. उस्ता म्हणाले, "डोळे पूस. एकच डोळा माझा, दोन तुझे. त्यांतला निदान एक रस्त्यावर ठेव."

बायसूनला मामाच्या अंगणात अक्रोडाखाली दस्तरखान, म्हणजे जेवणाची चादर, पसरला. पाव आला, जर्दाळू आले, चहा आला. किटली तुर्दीमुरातनं हातात घेतली. आमच्यात पहिला पियाला वडीलधाऱ्याला जातो, पोरांचा नंबर शेवटी. पण त्यानं पहिला पियाला ओयखोलसाठी घेतला. ओतताना त्याचा हात इतका हळू, इतका जपून चालला होता, जणू पियाल्याला धक्का लागेल. दोन थेंब पडले, आणि तो थांबला. दोन्ही हातांनी त्यानं तो तिच्यापुढे धरला आणि मान खाली घातली.

मोठ्यांना कळलं, तो काय मागतो आहे ते.

ओयखोलनं पियाल्यात डोकावून बघितलं. मग उस्तांच्या बुटाकडे हात केला. उस्तांनी मला काढून, धुऊन तिच्या हातात दिलं. तिनं मला चहात सोडलं, वर काढलं आणि डोळ्यांसमोर धरलं.

"तुर्दी अमाकी," ती गंभीरपणे म्हणाली, "पहिली खाचसुद्धा भिजली नाही."

"एवढा मान आहे तुझा," तो म्हणाला.

"मान राहू दे. तहान लागलीय. अजून ओता, मी मोजते."

त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदाच चहा प्याले. पाचव्या खाचेपर्यंत.

मित्रांनो, याला आता खूप वर्षं झाली. सुयून उस्ता गेले. तुर्दीमुरात म्हातारा झाला, तरी लग्नाच्या कढईपाशी बसतो. पण तेलाचं भांडं हातात घेतलं की आधी एक क्षण थांबतो, आणि नव्या आचाऱ्यांना कळत नाही का. नव्या गाड्यांच्या कॉम्प्रेसरला माझ्यासाठी भोकच नसतं. गॅस किती निघाला, तेल किती निघालं, ते यंत्रं वजन करून सांगतात, आणि तेवढंच परत घालतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. मोजणारा बदलला, मोजणं राहिलं. मी ओयखोलच्या घरात दाराशेजारच्या खिळ्यावर असते. दर वर्षी चिल्ला लागायच्या आधी ती गाडी घेऊन कारागिराकडे जाते आणि विचारते, "तेल मोजलंत का?" तो हसतो. ती हसत नाही. ती तिथेच उभी राहते, तो मोजेपर्यंत.

तुम्हीही कुणासाठी काही ओताल. तेल, पाणी, खत, औषध, माया. जेवढं प्रेम असेल तेवढा हात सैल सुटतो, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. म्हणून ओतायच्या आधी एकदा मोजा. आणि कुठे खिळ्यावर माझ्यासारखी एखादी जुनी तार दिसली, तर तिला तशीच सोडून जाऊ नका. तिला तोंड नसतं. तिला विचारायचं असेल, तर तिला बुडवून बघावं लागतं.